एकट्याने खेळायचा गेम, तरी नेट लागतंच: घेण्याआधी काय बघायचं, अडकलं तर काय करायचं

सातरस्ता:

पाऊस लागला, रस्ते खणलेले, फायबर कुठेतरी तुटली आणि 'स्टोरी मोड चालू होता तरी गेमने बाहेर काढलं' ही तक्रार इथे वेगवेगळ्या धाग्यांत विखुरली आहे. सगळं एका जागी आणू या.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. महागाचा, जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेऊन हा त्रास कमी होत नाही. गेम विकत घेतलेला आहे ना, म्हणजे परवाना आहे ना, ते तपासायला जाणारा डेटा किरकोळ असतो. लागतं ते न तुटणारं कनेक्शन आणि पलीकडे कंपनीचा जिवंत सर्व्हर. पहिलं थोडंफार आपल्या हातात आहे, दुसरं अजिबात नाही.

दुसरं म्हणजे, 'इंटरनेट आवश्यक' या दोन शब्दांत निरनिराळे प्रकार एकत्र कोंबलेले असतात आणि उपाय प्रकारानुसार बदलतो. काही गेम फक्त पहिल्यांदा अ‍ॅक्टिव्हेट करावे लागतात. काही दर वेळी सुरू करताना लॉगिन मागतात, आत गेल्यावर नेट गेलं तरी चालतात. काही तुमच्या मशिनसाठी एक टोकन घेऊन ठेवतात आणि ते टोकन वैध असेपर्यंत गप्प बसतात. डेनुव्हो हे कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर या जातीचं. काही मात्र खेळ चालू असताना सतत सर्व्हरशी बोलत राहतात. युबिसॉफ्टने २०१० मध्ये 'असॅसिन्स क्रीड २' च्या पीसी आवृत्तीत हेच केलं होतं. त्याच मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे मोजून गेम घेतलेल्यांनाच खेळता येईना. शेवटी २०१२ मध्ये त्यांनी ही पद्धत सोडल्याचं जाहीर केलं.

आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे गेमचा काही भाग तुमच्या मशिनवर नसतोच. 'डायब्लो ३' चं पीसीवर तसं आहे: राक्षस कुठे येणार, मेल्यावर काय टाकणार, हे सर्व्हर ठरवतो. १५ मे २०१२ ला तो आला तेव्हा 'एरर ३७' मुळे एकट्याने खेळणारेही दाराबाहेर उभे होते. तोच गेम पुढच्या वर्षी कन्सोलवर आला तो मात्र ऑफलाइन चालत होता. म्हणजे अडचण तांत्रिक होती की धोरणाची, ते ज्याचं त्याने ठरवावं.

जुना_पेंटियम:

याहून ढळढळीत उदाहरण 'सिमसिटी', मार्च २०१३. शहराची बरीच आकडेमोड आमच्या सर्व्हरवर होते, म्हणून नेट लागतं, असं सांगितलं गेलं. थोड्याच दिवसांत मॉडिंग करणाऱ्यांनी दाखवलं की कनेक्शनची तपासणी बंद केली तरी शहर व्यवस्थित चालतं. बरोबर एका वर्षाने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीनेच ऑफलाइन मोड दिला.

आता घेण्याआधीची तपासणी. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या पानावर उजवीकडच्या रकान्यात खाली या. 'थर्ड पार्टी डीआरएम' ची (डीआरएम म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप) पट्टी असेल तर ती उघडून वाचा. डेनुव्हो असेल तर बहुधा 'एका दिवसात ५ वेगवेगळे पीसी' ही मर्यादाही तिथेच लिहिलेली असते. 'थर्ड पार्टी अकाउंट' ची वेगळी पट्टी असेल, तर स्टीमच्या वर आणखी एक लाँचर (गेम सुरू करून देणारं सॉफ्टवेअर) बसणार आणि त्याचं स्वतःचं लॉगिन असणार. मग पीसीगेमिंगविकीवर त्या गेमचं पान उघडा. तिथे 'अव्हेलेबिलिटी' च्या तक्त्यात प्रत्येक दुकानासमोर कोणतं डीआरएम आहे ते लिहिलेलं असतं. एकच गेम एका दुकानात मोकळा आणि दुसऱ्यात बांधलेला असू शकतो. हे सगळं दोन मिनिटांचं काम आहे, पण सेल लागला की कोणी करत नाही.

घेऊन झालं असेल आणि पटलं नाही, तर स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असताना पैसे परत मिळतात. त्यामुळे पहिल्या तासातच एकदा वायफाय मुद्दाम बंद करून बघा. दहा तासांनी कळून उपयोग नाही.

केबलवाला:

नेटच्या बाजूचं मी लिहितो, कारण इथे लोक भलत्याच गोष्टीवर पैसे घालवतात.

तुमच्या घरात लाइन कशी येते ते आधी बघा. बारीक फायबर थेट घरातल्या ओएनयूच्या डब्यात (फायबरचा सिग्नल राउटरला देतो तो) येत असेल, तर वाटेत फायबरच्या फांद्या करणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही. घरातला डबा आणि राउटर चालू राहिला, आणि ऑपरेटरच्या टोकाला बॅकअप असला, तर बिल्डिंगमध्ये अंधार असतानाही नेट चालतं. पण जुन्या सोसायट्यांत आणि चाळींत अजून फायबर गच्चीवरच्या किंवा जिन्याखालच्या स्विचपर्यंतच येते आणि तिथून घरोघरी कॅट-६ ची वायर जाते. त्या स्विचला वीज लागते. बिल्डिंगची वीज गेली की तो मेला. मग घरात कितीही मोठा इन्व्हर्टर असू दे. अशा ठिकाणी ऑपरेटरच्या मागे लागून स्विचलाच छोटा यूपीएस लावून घेणं हा एकमेव उपाय.

मिनी यूपीएस घेताना दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरची अक्षरं वाचा. राउटर बहुतेक १२ व्होल्टचा असतो, पण ९ व्होल्टचेही आहेत. ओएनयू आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांचे अँपिअर मिळवा आणि त्याहून जास्त देणारा, दोन आउटपुटचा यूपीएस घ्या. फक्त राउटर यूपीएसवर आणि ओएनयू भिंतीतल्या प्लगवर, हा प्रकार सर्रास दिसतो. वायफायच्या कांड्या भरलेल्या आणि नेट शून्य. क्षमतेच्या आकड्यालाही फसू नका. खोक्यावर ८८०० एमएएच लिहिलेलं असतं ते ३.७ व्होल्टच्या सेलचं. म्हणजे सुमारे ३२ वॅट-अवर. ओएनयू आणि राउटर मिळून १२-१३ वॅट खात असतील तर तूट धरून दोन तासांच्या आसपास, त्याहून जास्त नाही.

नेट गेल्यावर फोनच्या हॉटस्पॉटवर उडी मारायची सवय असेल तर हे लक्षात ठेवा: हॉटस्पॉटवर गेलात की बाहेरचा आयपी पत्ता बदलतो आणि आधीचं कनेक्शन तुटतं. सुरू करतानाच विचारणाऱ्या गेमला काही फरक पडत नाही. सतत बोलणारा गेम मात्र बाहेर काढणारच. दोन लाइनवाला महागडा राउटर घेतला तरी तेच होतं. म्हणून आधी शेवटच्या सेव्ह पॉइंटपर्यंत जा, मग लाइन बदला. विंडोजमध्ये हॉटस्पॉटचं कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवा आणि स्टीमची आपोआप होणारी डाउनलोडं थांबवा, नाहीतर परवान्याच्या चिमूटभर डेटामागे चाळीस जीबीचा अपडेट सुरू होईल आणि दिवसाचा कोटा संपेल.

पाऊसपाणी:

माझी अडचण वेगळी आहे. यूट्यूब चालतं, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पण गेम म्हणतो सर्व्हर सापडत नाही. मग लाइनचा दोष कसा?

केबलवाला:

@पाऊसपाणी, लाइन ठीक असूनही असं होतं. यूट्यूबचा बराचसा मजकूर इथेच, मुंबईत किंवा तुमच्या ऑपरेटरच्याच जाळ्यात साठवलेल्या प्रतीवरून येतो. परवाना तपासणारा सर्व्हर सिंगापुरात, युरोपात किंवा अमेरिकेत असू शकतो, आणि तिथवर जायला वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या केबलच. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा युरोपकडची वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली होती.

क्रमाने असं करा. आधी कंपनीच्या सर्व्हरच्या स्थितीचं पान बघा; तिथेच लाल असेल तर घरी काही करू नका, वेळ जातो. सगळं हिरवं असेल तर हॉटस्पॉटवरून प्रयत्न करा. हॉटस्पॉटवर चाललं तर दोष ऑपरेटरच्या वाटेत किंवा त्याच्या डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत) आहे. राउटरमध्ये डीएनएस १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून बघा. त्यानेही नाही झालं तर ऑपरेटरला 'नेट स्लो आहे' असं सांगू नका. अमुक पत्त्यापर्यंतचा ट्रेसराउट (डेटा कोणकोणत्या टप्प्यांतून जातो त्याची यादी) काढून पाठवा. तरच तक्रार वरच्या माणसापर्यंत जाते.

जुना_पेंटियम:

त्याआधी पीसीचं घड्याळ बघा. चेष्टा नाही. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली की प्लग काढल्यावर तारीख मागे जाते. सुरक्षित कनेक्शनची प्रमाणपत्रं तारखेवर चालतात. पीसीच्या मते आज वेगळंच साल असेल तर ती अवैध ठरतात आणि लाँचर नुसतं 'सर्व्हरशी संपर्क नाही' म्हणतो. खरं कारण कुठेच लिहिलेलं नसतं. बॅटरी पन्नासच्या आत मिळते.

डेनुव्होबद्दलही थोडं. टोकन मशिनच्या ओळखीला बांधलेलं असतं. प्रोसेसर किंवा मदरबोर्ड बदलला, गेमला मोठा अपडेट आला, तर पुन्हा नेट लागतं. लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या प्रोटॉनची आवृत्ती बदलली की ते नवं मशिन मोजलं जाऊ शकतं. 'कोणत्या आवृत्तीवर फ्रेम जास्त मिळतात' हे एका संध्याकाळी चाचपत बसलात तर पाचाचा कोटा संपतो आणि २४ तास थांबावं लागतं. इंटेलची बारावी पिढी २०२१ च्या अखेरीस आली तेव्हा तर एकाच प्रोसेसरमधल्या दोन प्रकारच्या कोअरना काही गेमचं डीआरएम दोन वेगळे पीसी समजलं. इंटेलला अशा गेमची यादी काढावी लागली आणि बायोसमध्ये 'लेगसी गेम कंपॅटिबिलिटी मोड' द्यावा लागला: तो चालू करून कीबोर्डवरचं स्क्रोल लॉक दाबलं की छोटे कोअर बाजूला बसतात. स्क्रोल लॉकचा गेल्या वीस वर्षांतला बहुधा एकमेव उपयोग.

दुसरी_बाजू:

सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून लिहितो. लॅमिंग्टन रोडच्या फूटपाथवर कॉपी केलेल्या सीड्या कशा विकल्या जायच्या ते मुंबईत कोणाला सांगायला नको. मोठ्या गेमची बरीचशी विक्री पहिल्या काही आठवड्यांत होते. तेवढे दिवस क्रॅक (कुलूप तोडणारी फाइल) बाहेर आला नाही तर कंपनीचा खर्च वसूल होतो. यात कंपनी चुकली कुठे?

सातरस्ता:

पहिल्या काही आठवड्यांबद्दल मी वाद घालणार नाही. 'डूम' मे २०१६ मध्ये डेनुव्होसह आला आणि त्याच डिसेंबरात ते काढूनही टाकलं. हा व्यवहार मला मान्य आहे. आक्षेप पुढचा आहे. विक्रीचा काळ संपून वर्षं लोटल्यावर तपासणी कोणासाठी चालू ठेवायची? क्रॅक वापरणारा तोवर निवांत खेळत असतो आणि पावती असलेला माणूस सर्व्हरची वाट बघत बसतो.

'ग्रॅन टुरिस्मो ७' घ्या. एकट्याने गाड्या चालवायचा गेम. मार्च २०२२ मध्ये अपडेटात चूक निघाली, देखभालीसाठी सर्व्हर बंद ठेवले आणि ३० तासांहून जास्त वेळ गेमचा बहुतेक भाग बंद होता. यात चोरीचा संबंध कुठे आला?

दुसरी_बाजू:

तिथे गाड्या गेममधल्या पैशाने विकत घेतात आणि तो पैसा खऱ्या पैशानेही मिळतो. सेव्ह आपल्याकडे ठेवली तर कोणीही आकडे बदलेल. म्हणून ती सर्व्हरवर.

सातरस्ता:

अगदी बरोबर. म्हणजे राखण कॉपीची नाही, गेमच्या आतल्या दुकानाची आहे. मग तसं खोक्यावर लिहा.

वकिलीबाण्याची:

आणि सर्व्हर कायमचा बंद झाला तर? 'द क्रू' हा गाड्यांचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि नकाशावर एकट्याने गाडी फिरवणंही संपलं. त्यानंतर लोकांच्या खात्यांतून परवानेही काढले गेले. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. युरोपातल्या नागरिकांच्या याचिकेने २०२५ च्या जुलैत दहा लाख सह्या ओलांडल्या. कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. डिजिटल वस्तू 'विकत घ्या' म्हणायचं तर मिळतो तो फक्त परवाना, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. स्टीमच्या कार्टमध्ये आता तशी ओळ आपल्यालाही दिसते.

आपल्याकडे असा खास कायदा नाही. जे आहे ते असं: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कायदेशीर प्रत असलेल्याला संगणक प्रोग्रॅमची बॅकअप प्रत ठेवता येते. पण २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं ६५-अ हे कलम हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं. 'माझ्याकडे पावती आहे, मग क्रॅक टाकला तर काय बिघडलं' याचं सरळ 'काही नाही' असं उत्तर कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. शिवाय क्रॅकसोबत काय काय येतं ते वेगळंच.

तक्रार करायची असेल तर आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं. कंपनीचं ऑफिस कुठे आहे हे आडवं येत नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून होतो. पावती, खरेदीच्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि एररचा तारीख-वेळ दिसणारा फोटो, हे तीन जोडा. खरेदीच्या वेळच्या पानाचा स्क्रीनशॉट कोणीच काढून ठेवत नाही आणि नंतर ते पान बदललेलं असतं.

नवा_कीबोर्ड:

गणपतीला गावी चाललोय, लॅपटॉप बरोबर आहे. कोकण रेल्वेत बोगदे आणि गावात रेंज एका ठरावीक आंब्याखालीच. निघण्याआधी नेमकं काय काय करू?

जुना_पेंटियम:

निघायच्या आदल्या दिवशी, घरच्या नेटवर:

सगळे अपडेट होऊ द्या. अर्धवट अपडेट झालेला गेम ऑफलाइनमध्ये उघडत नाही. मग जे गेम खेळणार ते प्रत्येक एकदा सुरू करून मेन्यूत नाही, प्रत्यक्ष खेळात जा. दुसरं लाँचर आणि डेनुव्हो असेल तर त्यांचं लॉगिन-टोकन इथेच होऊन जातं. दुसऱ्या लाँचरमध्येही 'मला लक्षात ठेव' वर खूण हवी. बाहेर पडल्यावर क्लाउडवर सेव्ह चढली का ते बघा. मग स्टीमच्या मेन्यूतून 'गो ऑफलाइन'. आता वायफाय बंद, लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा चालू, आणि गेम उघडतो का ते बघा. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि पनवेलला कळतं.

गावी असताना आंब्याखाली जाऊन हौसेने ऑनलाइन होऊ नका. गेमला अपडेट दिसला की तो आधी अपडेट मागेल आणि तेवढी रेंज तिथे नसेल. परत आल्यावर स्टीम विचारेल, क्लाउडमधली सेव्ह ठेवू की मशिनवरची. घाईत क्लाउड दाबलंत तर सुट्टीतला सगळा खेळ गेला. दोन्हींची वेळ वाचून नवी ती निवडा.

सातरस्ता:

एपिक या दुसऱ्या दुकानाच्या लाँचरवर सेटिंग्जमध्ये ऑफलाइन ब्राउझिंगची खूण आधी करून ठेवा. पण तिथे गेमनुसार फरक पडतो, प्रत्येक तपासलेला बरा.

जीओजी या डीआरएम न लावणाऱ्या दुकानातून घेतलेलं असेल तर यातलं काहीच नको. मात्र त्यांच्या 'गॅलेक्सी' या लाँचरमधून इन्स्टॉल करून थांबू नका. खात्यात जाऊन ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवा आणि बाहेरच्या डिस्कवर ठेवा. मोठ्या गेमची एक छोटी चालवायची फाइल आणि सुमारे ४-४ जीबीचे तुकडे असतात. सगळे एकाच फोल्डरमध्ये हवेत. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करा. उतरवल्यावर एकदा इन्स्टॉल करून बघा, कारण एखादा तुकडा अर्धवट उतरलेला असला तर ते ऐन वेळीच कळतं. जीओजी म्हणजे आपोआप निर्धास्त असंही नाही बरं का. सप्टेंबर २०२१ मध्ये 'हिटमॅन' तिथे आला, पण हत्यारं आणि सुरुवातीच्या जागा मोकळ्या व्हायला सर्व्हर लागत होता. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की पुढच्याच महिन्यात तो काढून घेतला.

पाऊसपाणी:

कन्सोलवाल्यांचं काय? पीएस५ आहे, शिवाय भावाचा जुना पीएस४.

दुसरी_बाजू:

पीएस५ वर सेटिंग्ज, युजर्स अँड अकाउंट्स, अदर, आणि तिथे 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू असायला हवं. एका खात्याला एकच पीएस५. पीएस४ वर हेच 'प्रायमरी' नावाने आहे. प्रायमरी नसलेल्या मशिनवर डिजिटल गेम नेटशिवाय उघडत नाहीत. निन्टेन्डो स्विचचंही एप्रिल २०२५ पर्यंत तसंच होतं, एक्सबॉक्सला 'होम एक्सबॉक्स' म्हणतात. पीएस४ जुना असेल तर सिस्टीम किमान ९.०० करून ठेवा. आतली बॅटरी संपली आणि सोनीच्या सर्व्हरशी संपर्क नसला तर आधीच्या आवृत्त्यांत डिस्कसुद्धा चालत नव्हती. सप्टेंबर २०२१ च्या त्या अपडेटनंतर ते सुटलं.

आणि माझी बाजू काहीही असली तरी हे मान्य: 'रेडफॉल' ने मे २०२४ मध्ये शेवटच्या अपडेटात ऑफलाइन मोड दिला, 'सुसाइड स्क्वॉड' ने त्याच डिसेंबरात. काम बंद करतानाच द्यायचा होता तर आधी देता आला असता.

नवा_कीबोर्ड:

गावाची यादी झाली, धन्यवाद सर्वांना. शेवटचं: लॅमिंग्टन रोडला जुन्या डिस्क घ्यायच्या झाल्या तर नेटचं कसं ओळखायचं? दुकानदार म्हणतो, 'डिस्क आहे ना, मग कशाला नेट.'

जुना_पेंटियम:

दुकानदाराचं ऐकू नका. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत इंटरनेटची ओळ असते ती वाचा. 'आवश्यक' आणि 'काही वैशिष्ट्यांसाठी आवश्यक' यात फरक आहे. 'ग्रॅन टुरिस्मो ७' ची डिस्क नेटशिवाय म्युझिक रॅलीसारखे मोजकेच भाग दाखवते. स्विच २ च्या खोक्यावर पुढे खाली किल्लीच्या चिन्हाची पांढरी पट्टी दिसली तर आतल्या कार्डात गेम नाही. पहिल्यांदा पूर्ण डाउनलोड करावा लागतो, नंतर कार्ड खोचून नेटशिवाय चालतो. ते पुन्हा विकता येतं, पण आत गेम नाही म्हणून भाव तेवढा पाडून मागा. पीसीच्या जुन्या डीव्हीडी मात्र शोभेलाच: सेफडिस्क आणि सिक्युरॉम या जुन्या डीआरएमवाल्या कितीतरी डिस्क विंडोज १० पासून चालत नाहीत, आणि बरोबरची अ‍ॅक्टिव्हेशन की कोणीतरी आधीच वापरलेली असते.